जुन्या खाचेतली खुंटी

३ ऑक्टोबर

प्रिय ताईस,

नमस्कार. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. तुझंही बरं चाललं असावं.

तुझं पत्र मिळून आज बारा दिवस झाले. एकतीस वर्षांत तुझ्या हातचं हे पहिलंच. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि टपालवाल्याला हाताला धरून आत आणलं, चहा पाजला, त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. तो बिचारा खूश झाला. त्याला काय माहीत, पाकीट उघडणं जितकं लांबेल तितकं मला हवं होतं.

बाबांच्या वेळी तू आली नाहीस याचा मला राग नाही. तू लिहिलंयस की आता विचारायला फक्त मी उरलो, म्हणून विचारतेस. वाचलं. चार वेळा वाचलं. "खुंटी मी सरकवली होती असं मला अजूनही दिसतं. लोखंड हाताला गार लागलेलं आठवतं. पण सगळ्यांनी ती जुन्या खाचेत बघितली. मग मला आठवतं ते कुठून आलं? मला वेड लागलंय का? तू तिथे होतास, तू सांग."

शिवणाच्या कारखान्यातून निघताना तू मशीनचं बटण बंद केलं की नाही ते तीनदा बघतेस, घराला कुलूप लावलं की पेनाने मनगटावर 'लावलं' असं लिहून ठेवतेस, हेही वाचलं. वाईट वाटलं. दाजी गेले त्या दिवसाबद्दल मी सविस्तर लिहीन, पण ते असं घाईघाईत लिहिण्यासारखं नाही. आधी इकडच्या बातम्या देतो.

आपलं पाणीखात्याचं आवार आता बाग होणार आहे. कालवा कोरडा पडून आठ वर्षं झाली, पाणी सगळं नळातून जातं. कालव्यात फिरायची पायवाट होणार, आपल्या खोल्या पाडून तिथे बाकं टाकणार. मला शेवटपर्यंत राखणदार म्हणून ठेवलंय, म्हणजे जे पाडायचं त्याची राखण करायला. शहरातून एक मोजणीबाई आली आहे. वय असेल तिशीचं. दिवसभर तीन पायांचं यंत्र घेऊन फिरते आणि जे दिसेल ते मोजते. परवा माझी खाट मोजली.

तिने आवारातला चौथरा पाहिला आणि वेडीच झाली. मला बसवून समजावलं, आणि मीही पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी मान डोलावली. बघा काका, म्हणाली, साध्या सावलीघड्याळात काठी एका जागी पक्की असते. यात काठी हलती आहे. सूर्य उन्हाळ्यात उंचावरून जातो, थंडीत खालून, त्यामुळे सकाळच्या दहाची सावली दर महिन्याला वेगळ्या दिशेला पडते. म्हणून तासांचे दगड अंड्यासारख्या गोलात मांडायचे, मधोमध उत्तर-दक्षिण खाचांची रांग करायची, आणि तारखेप्रमाणे काठी एक एक खाच सरकवायची. उन्हाळ्यात बाराच्या दगडाजवळ, थंडीत लांब. मग सावली बरोबर सूर्याची वेळ सांगते. मी म्हटलं, अरे वा. आपल्या बाबांनी तो चौथरा खात्याच्या जुन्या पुस्तकात बघून स्वतः घडवला, कालव्यात पाणी सोडायच्या वरच्या दरवाजापाशी तसाच दुसरा केला, आणि तू सात वर्षांची असल्यापासून दर महिन्याच्या एक, अकरा आणि एकवीस तारखेला सकाळी ती लोखंडी खुंटी सरकवायचीस, लग्नानंतरसुद्धा पलीकडच्या गल्लीतून त्यासाठी यायचीस, हे काही मी तिला सांगितलं नाही.

खुंटीवरून आठवलं. एक गंमत झाली आहे. तू गेल्यावर बाबाच ती सरकवत. जुलैत ते गेले तेव्हा ती जुलैच्या खाचेत होती. मी हात लावला नाही. कशाला लावू, बाराचा भोंगाही भंगारात गेला, आता कुणाला वेळ बघायची आहे? पण गेल्या महिन्याच्या अखेरीस सहज पाहिलं तर ती सप्टेंबरच्या खाचेत. मोजणीबाईचं काम, म्हटलं. तिला विचारलं तर ती म्हणाली, मी हात लावला नाही, ती आहेच बरोबर जागी. एक तारखेला सकाळी उठलो, तर ती आणखी एक खाच थंडीकडे सरकलेली.

मी ती मागे ओढली. का, ते विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत एक तारखेच्या खाचेत होती. फाटकाला आतून कुलूप होतं आणि किल्ली माझ्या उशाखाली. मग मीही हट्टाला पेटलो. होती तिथेच लाकडी पाचरी ठोकल्या, वरून शिसं वितळवून ओतलं. आता ती अकराच्या खाचेत जाऊन दाखवू दे.

कुणी खोडसाळ पोरं असणार. तू काळजी करू नकोस. डोळ्यांना जप, शिवणाच्या कामात त्यांचीच वाट लागते.

तुझा,
धाकटा


१२ ऑक्टोबर

प्रिय ताईस,

नमस्कार. तुझं कार्ड पोचलं. "एवढं मोठं पत्र लिहिलंस. मी विचारलं त्याचं उत्तर त्यात नाही." बास. तू लहानपणीही अशीच होतीस, मारायची नाहीस, नुसती बघायचीस. मार परवडला असता.

काल अकरा तारीख होती. एकतीस वर्षं झाली. मी दरवर्षी या दिवशी काहीतरी काम काढून आवाराबाहेर जातो. काल ठरवून थांबलो. पहाटे उजेड झाला तसा खिडकीत खुर्ची टाकून बसलो आणि खुंटीवरून नजर काढली नाही. चहासुद्धा केला नाही, तू हसशील. खुंटी शिशात रुतलेली, तसूभर हलली नाही. सात वाजता ऊन आलं. कोवळं ऊन, सावल्या लांब. मला बरं वाटलं. खुर्चीतून उठलो, अंगाला आळोखेपिळोखे दिले आणि बाहेर चौथऱ्यापाशी गेलो.

ताई, खुंटीला सावली नव्हती.

सावली होती, पण ती खुंटीच्या बुडातून निघत नव्हती. ती पुढच्या, अकरा तारखेच्या खाचेतून निघत होती. त्या खाचेत काहीही नाही, थोडी माती आणि एक वाळकं पान. त्या पानाच्या शेजारून एक काळी, सरळ, खुंटीएवढ्या जाडीची सावली निघून तासांच्या दगडांकडे गेली होती. आणि जिथे लोखंड उभं होतं तिथे त्याच्या पायाशी चहूबाजूंनी लख्ख ऊन. मी हात मध्ये धरला. माझ्या हाताची सावली पडली. रिकाम्या खाचेवर हात फिरवला, तर हवेत काही नव्हतं. फक्त तळव्याला गार लागलं. चांगलंच गार, भर उन्हात.

मी विहिरीपाशी जाऊन तोंड धुतलं, परत आलो. ती तिथेच होती.

दहाच्या सुमारास मोजणीबाई आली. म्हटलं, बघू हिला काय दिसतं. तिला मी काही बोललो नाही. तिने यंत्र लावलं, सूर्याची वेळ काढली, मग चौथऱ्यावर वाकून दगड मोजले आणि डोकं खाजवत उभी राहिली. म्हणाली, काका, गंमत आहे, खुंटी एक खाच मागे राहिली आहे, म्हणजे आत्ता या घड्याळाने दहा मिनिटं पुढची वेळ दाखवायला हवी. पण हे तर अगदी बरोबर दाखवतंय. तिने तीनदा आकडेमोड केली. आपलंच चुकलं असेल असं म्हणत वही मिटली. तिने सावलीचं टोक बघितलं, बूड बघितलं नाही. माणसं वेळ बघताना टोकच बघतात.

नंतर ती पायरीवर बसून डबा खाताना म्हणाली की बागेत चौथऱ्यापाशी माहितीची पाटी लावायची आहे, दगडात कोरलेली. जुन्या कचेरीतून तिने अपघाताच्या चौकशीचा कागद शोधून काढला होता. त्यात लिहिलंय, 'खुंटी वेळेवर न सरकवल्याने सावलीने चुकीची वेळ दाखवली व भोंगा वाजण्यास उशीर झाला.' सरकवण्याचं काम कुणाचं, तेही लिहिलंय. नाव नाही, 'दरवाजा-रखवालदाराची विवाहित मुलगी' एवढंच. पाटीवर हेच येणार, म्हणाली, कारण कागदावर आहे तेच तिला लिहावं लागतं.

मग तिने घास गिळला आणि म्हणाली, "पण काका, मला एक कळत नाही. भोंगा बाराला वाजवायचा होता ना? बाराला सूर्य बरोबर दक्षिणेला असतो. सावली सरळ उत्तरेला, खाचांच्या रांगेवरूनच जाते. खुंटी कुठल्याही खाचेत असू दे, बाराची सावली बाराच्याच दगडावर पडणार. सकाळी चूक होईल, संध्याकाळी होईल. बाराला होऊच शकत नाही."

मी म्हटलं, असेल.

ती म्हणाली, "मग त्या बाईंचा काय दोष?"

मला फाटकापाशी काम आहे असं सांगून मी उठलो. काम काही नव्हतं. फाटकाला टेकून उभा राहिलो आणि तिथून चौथऱ्याकडे बघत होतो. ऊन चढत गेलं तशी ती सावली आखडत, वळत बाराच्या दगडाकडे आली. त्याच वेळी, ताई, खऱ्या खुंटीच्या बुडाशी दुसरी सावली उगवताना दिसली. बाराला दोन्ही एका रेषेवर आल्या, एकीत एक मिसळल्या आणि बाराच्या दगडावर एकच सावली पडली. थोड्या वेळाने बाराच्या पुढे गेली ती फक्त रिकाम्या खाचेतली. खुंटीच्या पायाशी परत लख्ख ऊन.

तुला मी भ्रमिष्ट झालो असं वाटेल. वाटू दे. तू इतकी वर्षं स्वतःला तेच समजत आलीस, थोडं मलाही समज.

दाजींची आठवण येते. त्यांचं ते लग्नातलं घड्याळ, आठवतं? मनगट असं पुढे करून चालायचे जसं काही घड्याळच त्यांना ओढून नेतंय. गाळ काढणाऱ्या टोळीचे मुकादम झाल्यापासून तर विचारू नकोस. माझ्याशी त्यांचं कायम त्याच्यावरून चालायचं. आपल्याकडे ऑक्टोबरात सूर्याचे बारा घड्याळाच्या बाराआधी वीस मिनिटं वाजतात. मी सूर्याच्या बाराला भोंगा वाजवला की ते मनगट वर करून ओरडायचे, मेव्हणे, आज पण घाई झाली का? सगळी टोळी हसायची. मी वीस वर्षांचा होतो. हसणं लागायचं मला.

हे मी का लिहितोय? तुला यातलं सगळं माहीत आहे. पुढचं माहीत नाही. आज एवढंच जमलं. अर्धं पत्र टाकण्यापेक्षा न टाकलेलं बरं, पण टाकतो, नाहीतर उद्या फाडीन.

तुझा,
धाकटा


२२ ऑक्टोबर

ताई,

नाही. तुला वेड लागलेलं नाही. तू त्या दिवशी खुंटी सरकवली होतीस.

हे पहिल्या पत्रात पहिल्या ओळीला लिहायला हवं होतं. एकतीस वर्षांपूर्वी चार वाजायच्या आत सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. आता सरळ लिहितो. मध्ये थांबलो तर परत मोजणीबाईच्या गोष्टी सांगत बसेन.

अकरा तारखेला सकाळी साडेसहाला तू आलीस. मी दात घासत होतो. तू पदर खोचून खुंटी उपसलीस, एक खाच थंडीकडे लावलीस, दगडाने दोन ठोके दिलेस आणि मला म्हणालीस, तोंडाला फेस आलेला वानर. मग गेलीस. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. लोखंड गार लागलं असेल, पहाटे दव होतं.

आठ वाजता टोळी आली. रोजचं ठरलेलं होतं, सकाळभर कालव्याच्या तळातला गाळ सुटा करायचा, सूर्याच्या बाराला मी भोंगा फिरवायचा, अर्ध्या तासात सगळ्यांनी वर यायचं, आणि साडेबाराला पाणी इथे पोचेल अशा बेताने बाबांनी वरचा दरवाजा उघडून तो गाळ वाहवून द्यायचा. बाबा तासाभराच्या वाटेवर. भोंगा त्यांना वाऱ्यावर कधी ऐकू यायचा, कधी नाही, म्हणून ते त्यांच्या चौथऱ्यावर चालायचे. दोन्ही चौथरे एक वेळ दाखवायचे. त्याच भरवशावर ते सगळं चालायचं.

उतरायच्या आधी दाजी माझ्यापाशी आले, सगळ्यांच्या देखत. म्हणाले, सावली बघायचा पगार मिळतो या माणसाला, आम्हाला कुणी द्या रे अशी नोकरी. मग मनगट माझ्या नाकापुढे धरलं आणि म्हणाले, "मेव्हणे, आजपासून या घड्याळात बारा वाजले की भोंगा. तोवर हात लावायचा नाही." टोळी हसली. त्यात वाईट काही नव्हतं, त्यांचा स्वभावच तसा. संध्याकाळी ते मला खांद्यावर हात टाकून घरी नेणार होते आणि तू दोघांना वाढणार होतीस.

पण मला झोंबलं. मी चौथऱ्यावर बसलो आणि मनात म्हटलं, बरं. तुमच्या घड्याळाने वाजवतो. सूर्याचे बारा वीस झाले की वाजवतो. मग दहा मिनिटांत धावा वर, भिजू द्या विजारी, कळू द्या खरी वेळ कुणाची. दहा मिनिटं पुरली असती, ताई. तळापासून काठावर यायला पाच मिनिटं लागतात. मी त्यांना मारायला बसलो नव्हतो. पण हे मी माझ्या बाजूने सांगतोय, याला काही अर्थ नाही.

सावली बाराच्या दगडावर आली. नेमकी मधोमध. मी ती बघितली. भोंग्याचा दांडा माझ्या हातात होता, आणि मी तो फिरवला नाही. सावली दगडावरून पलीकडे गेली आणि मला मजा वाटली, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. वेळ माझ्या हातात आहे असं वाटलं.

मग ढग आला. सकाळपासून आभाळ स्वच्छ होतं आणि एकच ढग आला, छोटा, तो बरोबर सूर्यावर येऊन बसला. सावली गेली. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, मला घड्याळाचा तिटकाराच. म्हटलं, जाईल, दोन मिनिटांत जाईल. अंदाजाने वाजवावं असं वाटलं, पण अंदाजाने वाजवला तर आधी वाजेल आणि दाजींना कळणारच नाही, म्हणून बसून राहिलो. ढगाने मला फसवलं असं म्हणायला आजही जीभ वळवळते. पण ढग बारानंतर आला.

ऊन परत आलं तेव्हा सावली साडेबाराच्या पुढे होती. मी दांडा फिरवला. भोंगा वाजायला लागला आणि त्याच्या आत पाण्याचा आवाज होता.

उघड्यावर होते त्यांनी वरून येणारं पाणी बघितलं, आरडाओरडा केला, एकमेकांना ओढून वर घेतलं. दाजी रस्त्याखालच्या मोरीत शिरले होते, आतला गाळ बघायला. तिथे माणसाची हाक पोचत नाही. फक्त भोंगा पोचतो. त्यांच्या घड्याळात तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली असतील, ते म्हणत असतील, आज मेव्हण्याने ऐकलं म्हणायचं.

पुढचं तुला माहीत आहे, एक सोडून. लोक कालव्याच्या खालच्या अंगाला धावले, मी एकटा आवारात राहिलो. मी चौथऱ्यावर गेलो, खुंटी उपसली, आणि जुन्या खाचेत लावली. दोन ठोके दिले. कुणी मला शिकवलं नव्हतं. हात आपोआप तिथे गेले. तू धावत आलीस तेव्हा ती जुन्या खाचेत होती, आणि तू तिच्याकडे बघितलंस, मग तुझ्या हातांकडे बघितलंस. ती तुझी नजर मला आजपर्यंत सोडत नाही. सगळे तुझ्यावर तुटून पडले, तुझ्या सासूबाईंनी काय शब्द वापरले ते मी उंबऱ्यात उभा राहून ऐकले. तू म्हणत होतीस, मी सरकवली होती. मग तिसऱ्या दिवशी म्हणायला लागलीस, मला वाटतं सरकवली होती. मग गप्प झालीस. मग गेलीस.

आता कालचं. काल एकवीस तारीख. मी सकाळी छिन्नी घेऊन शिसं फोडलं, खुंटी काढून गवतावर आडवी ठेवली. म्हटलं, आता काय करतेस बघू. चौथरा पूर्ण मोकळा. तरी सावली होती. तारीख बदलली होती, म्हणून ती थंडीकडच्या पुढच्या खाचेतून निघत होती. त्या कामात चुकत नाही ती. मी शेजारी बसून राहिलो. मोजणीबाई पलीकडे पायवाट मोजत होती. सावली हळूहळू बाराच्या दगडावर आली, आणि थांबली.

मला आधी वाटलं, माझी नजर थकली. मी कोळशाने तिच्या कडेला रेघ ओढली. शेजारच्या झाडाची सावली त्या रेघेकडे वीतभर सरकली, विहिरीच्या कठड्याची सरकली, माझीसुद्धा सरकली. ही सरकेना. कोळशाच्या रेघेला चिकटून तशीच, बाराच्या दगडाच्या मधोमध. पाखरंसुद्धा गप्प होती, की मलाच ऐकू येत नव्हतं कोण जाणे. ती अडली नव्हती, ताई. ती वाट बघत होती. मागच्या वेळी ती दगडावरून निघून गेली आणि मी बसून राहिलो. या वेळी ती मला वेळ देत होती.

फिरवायला दांडा नव्हता. म्हणून मी मोजणीबाईला हाक मारली. एवढ्या मोठ्याने की ती यंत्र टाकून धावत आली. तिला म्हटलं, लिहून घ्या. वर लिहिलंय ते सगळं तिला सांगितलं, मजा वाटली तेही सांगितलं. ती उभ्याउभ्या लिहीत राहिली. मध्ये एकदा तिने विचारलं, "काका, हे तुम्ही खरंच सांगताय? पाटीवर येईल." मी म्हटलं, त्यासाठीच सांगतोय. बोलणं संपलं तेव्हा दगडावर नुसतं ऊन होतं. तिला सावली दिसली होती की नाही, मी विचारलं नाही. आज सकाळी आम्ही दोघं कचेरीत गेलो, मी जबाबावर सही केली. साहेब म्हणाले, इतक्या जुन्या प्रकरणात आता काही व्हायचं नाही. मी म्हटलं, पाटी तरी बदला. बदलणार आहेत. जबाबाची नक्कल सोबत ठेवली आहे.

एक शेवटचं राहिलं, आणि ते मला माझ्या गुन्ह्यापेक्षा लिहायला जड जातंय.

बाबांना माहीत होतं. चौथरा त्यांनीच बांधलेला. बाराला खुंटी कुठे आहे याने काही फरक पडत नाही, हे त्यांना नाही तर कुणाला कळणार? त्या दिवशी चार वाजता ते वरून चालत आले. दरवाजा त्यांनी स्वतःच्या हाताने उघडला होता. ते आधी दाजींकडे गेले नाहीत, चौथऱ्यापाशी आले, खुंटीची खाच बघितली आणि मला एवढंच विचारलं, "बाराला ऊन होतं ना?" मी म्हटलं, होतं. त्यांनी मान हलवली. दोन दिवसांनी चौकशीच्या साहेबाने त्यांना विचारलं की खुंटी न सरकवल्याने अशी चूक होऊ शकते का. तू दाराशीच बसली होतीस. ते म्हणाले, होऊ शकते.

पुष्कळ वर्षांनी, दरवाजाच्या मळसूत्राला वंगण लावत असताना, मी काही विचारलं नसताना ते म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर तुला घेऊन गेले असते. तू इथे राहणार होतास. ती तशीही दुसऱ्या घरची होती." आणि फडक्याला हात पुसले. मी गप्प राहिलो, कारण मला ते बरं वाटलं. आपल्याला वाचवलं म्हणून बरं वाटलं. तू घरातून गेली होतीस, नवऱ्यावाचून, स्वतःच्या हातांवरचा विश्वास गमावून, आणि इथे आम्ही दोघं पुरुष एकमेकांना न दुखवता जेवत होतो.

मला क्षमा कर असं लिहिणार नाही, ते तुझ्यावर आणखी एक काम टाकणं होईल. येऊ का, असंही विचारत नाही. तुझ्या सासूबाई गेल्या, बाबा गेले. ज्यांनी तुला बोल लावले त्यांच्यापैकी हा जबाब वाचायला कुणी उरलेलं नाही. तरी तू तो मोठ्याने वाच. एकटी असलीस तरी वाच.

इथे 'तुझा धाकटा' असं लिहायची हाताला सवय आहे. आज ते लिहीत नाही.

भोंगा ज्याच्या हातात होता,
तो